वनिताच्या दोन तारखा

कोणाच्या हातात फूल देल्लं का तो पहिले नाकाले लावते. वनिता झाडच उपटे अन् मुया पाहे. सहा-सात वर्साची होती तवापासून. माह्या वावरात शेवंतीची रोपं लावली का चार दिवसानं एखादं रोप आडवं पडेल दिसे, मुया आभायाकडं. मी म्हणे, घूस लागली. मंग एक दिवस घूस सापडली. फ्रॉक चिखलानं भरेल, अन् रोप हातात धरून उन्हात उलटंपालटं करून राहिली.

मी एक चापट मारली. रडली नाही. म्हणे, "मावशी, हे वरून चांगलं हाये अन् खालून सडेल हाये. काहून?"

मले काय माहीत काहून.

अकोल्याच्या जुन्या शहरात भाजीबजारात माही जागा हाये. पोतं हातरते, त्याच्यावर फुलं. झेंडू, शेवंती, निशिगंध. वावर अर्धा एकर, शहराच्या बाहेर. मालक गेले तवापासून मीच पाहते. आमाले लेकरू झालं नाही. माह्या बाजूच्या पोत्यावर नामदेवभाऊ बसे, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन. वनिता त्याची एकच पोरगी. तिची माय कमल, माहेर नांदगाव खंडेश्वरचं. पोरगी चार वर्साचीबी नव्हती तवा कमल काविळीनं गेली. आठ दिवसात गेली. हयद लावल्यावानी झालती. त्याच्यापुढं सांगन्यासारखं काही नाही. तवापासून पोरगी आमच्या दोन पोत्याइच्या मधात वाढली.

दिसाले उंच अन् वायलेली. केसाले रबर नाही, रिबिन नाही, मेथीच्या जुडीची सुतळी बांधे. जेवे उभ्यानं. भाकर हातावर, तिच्यावर चटणी, अन् बजारात फिरून राहिली. बाया म्हणत, "पोरी, तुले नवराबी उभ्यानंच पाहून जाईन वं." तसंच झालं. एक जण पाह्याले आला, घरी बागायत होती म्हणे. हिनं त्याले इचारलं, झाडाइले पाणी सकायी देता का दुपारी. तो म्हणे, गडी देते, मले माहीत नाही. हे उठून आत गेली. नामदेवभाऊ चहाचा कप हातात धरून बसला.

अन् तिचं एक बोलणं होतं, "ते कारण नाही." कोणी म्हणलं नशीब, म्हणलं नजर, म्हणलं देवाची मर्जी, का हे म्हणे, "ते कारण नाही." एकदा नामदेवभाऊ बोलता बोलता म्हणे, कमल देवाले आवडली. पोरगी तवा नववीत होती. म्हणे, "ते कारण नाही, बाबा. नळाचं पाणी खराब होतं." नामदेवभाऊ पोतं सोडून उठला अन् दिवसभर आलाच नाही. त्याची मेथी मी इकली. त्याले सांगाचं होतं का पोरगी खरं बोलते, पण खरं बोलणाराबी कधी कधी थांबला पाह्यजे. हे मी तिले कधी शिकवलं नाही. शिकवाले पाह्यजे होतं.

ते बारावीत होती त्या साली माही अर्धी शेवंती वायली. वरून पिवयी, मंग मान टाके, मंग काडी. दसरा आठ दिवसावर. मी चार कोपऱ्याले चार लिंबू-मिरच्या बांधल्या. वनिता शायेतून आली, एक झाड उपटलं, ब्लेडनं बुडाजवय उभं चिरलं अन् माह्या डोयापुढं धरलं. आत तपकिरी रेघ. देठातून वर चालली, जशी भिंतीतून ओल चढते.

म्हणे, "मावशी, नजर मुईतून लागली हाये."

मंग तिनं त्या बाजूचं पाणी बंद कराले लावलं. वायलेले झाडं उपटून काडी लावून जायले. इकडचा चिखल तिकडं नेऊ नको म्हणून मले वावरात दोन जोड चपला ठेवाले लावल्या, या अंगाची एक अन् त्या अंगाची एक. बाया हासत. पण अर्धी शेवंती राह्यली. दुसऱ्या अर्ध्याचं कारण ते शोधत राह्यली, पुढं सारी उमर तेच.

अमरावतीले गेली शिकाले. बी.एस्सी., एम.एस्सी., फर्स्टात. तठीच एका कॉलेजात तासावर लागली. तासावर म्हणजे तास घेतला तं पगार, सुटी लागली तं घरी बसा. दहा वर्स तशीच तासावर. दर रविवारी एसटीनं अकोल्याले येई, बापाचे कपडे धुवे, मंग माह्या वावरात. शेवंतीच्या मुईत कोणता रोग घुसते अन् तो जमिनीत किती वर्स दडून राहते, हे तिले पाह्याचं होतं. त्याच्यासाठी जे यंत्र लागते ते अमरावतीच्या कॉलेजात नव्हतं. अन् तासावरच्या बाईले कोण यंत्र देते.

मंग तिले जपानचं समजलं. तठचं सरकार दरवर्षी दुसऱ्या देशातल्या शिकेल पोरापोरीइले बोलावते. तिकीट देते, राहाचं-खाचं देते, अन् म्हणते, आमच्या विद्यापीठात दोन-तीन वर्स संशोधन करा. पण तठी सारं जपानीत. मास्तर जपानीत बोलते, पुस्तक जपानीत, परीक्षा जपानीत. शेवंतीले तठी लय मान हाये, त्याइच्या राजाच्या निशाणीवर शेवंती हाये म्हणे. तिच्या रोगावर जलम घालवेल एक म्हातारा मास्तर तठी होता. हिनं त्याले पत्र धाडलं, माह्या वावराची गोष्ट लिहून. त्याचं उत्तर आलं. मले वाचून दाखवलं तिनं, पहिले त्याच्या भाषेत, मंग आपल्या. त्यानं लिहिलं होतं, परीक्षा पास व्हा अन् या, माह्या खोलीत एक टेबल रिकामं हाये.

त्या टेबलासाठी ते जपानी शिकली. तिशी उलटल्यावर. फोनवर ऐके अन् कागदावर लिहे. वही पुरे नाही म्हणून माह्याजवयच्या फुलं बांधाच्या रद्दीवर लिहे. कायी शाई, एकेक अक्षर झोपडीवानी, खिडक्या-दारं असलेलं. रविवारी ते पानं भरून ठेवे अन् सोमवारी मी त्यातच फुलं बांधून देई. एक दिवस गल्लीतली एक बाई पुडा घेऊन परत आली, तोंड पांढरं पडेल. माह्यापुढं पुडा टाकला अन् म्हणे, "सुभद्राबाई, तुमी माह्या घरी करणी धाडली. मी हे देवापुढं उघडलं." तमाशा झाला. पुढल्या रविवारी वनिता स्वता तिच्या घरी गेली, कागद घेऊन, अन् एकेका अक्षरावर बोट ठेवून सांगतलं, हे पाणी, हे माती, हे मुयी, हे झाड. ते बाई म्हणे, "मंग मायबाई, मराठीत लिहाले काय झालं होतं?" त्या दिवशी वनिता हासली. तिचं हासू मी मोजून चार-पाच येळा पाह्यलं असन.

पहिल्या साली भाषेच्या पेपरात राह्यली. दुसऱ्या साली पेपर निघाला अन् दिल्लीले बोलावणं आलं. एकटी गेली, रेल्वेच्या जनरल डब्यात. तठी टेबलाच्या पलीकडे पाच जण. त्याइनं इचारलं, तुमच्या देशात काम नाही काय, इथं काहून येता. हिनं बॅगातून पेपरात बांधलेली वायली मुयी काढून टेबलावर ठेवली अन् सांगू लागली. माती सांडली त्याइच्या कागदावर. हिनं ओढणीनं पुसली अन् सांगत राह्यली. हे सारं तिनं मले वावरात निंदण करता करता सांगतलं, जसं काही कोणा दुसऱ्याचं हाये. त्या साली तिचं नाव वाट पाहणाऱ्यात पहिलं होतं. वरचा कोणी सुटला नाही. पण एका साहेबानं फोनवर सांगतलं, पुढच्या साली या, तुमचा कागद मजबूत हाये.

पुढच्या साली, फेब्रुवारीत, ते रविवार नसताना आली. पोत्यावर बसली. ते बसली म्हणूनच मले समजलं.

आमच्याकडं साऱ्याइलेच दोन तारखा असतात, एक जलमाची अन् एक शायेची. जलमाची मायले माहीत असते, शायेची मास्तर लिहिते. आमी कधी मनावर घेतलं नाही. वनिता जलमली बैलाच्या पोयाच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोयाले. शायेतली तारीख होती त्याच्या आदल्या सालची, एक जून. सव्वा वर्स मोठी. अन् त्या जपानच्या फॉर्मात लिहेल होतं, उमर पस्तीसच्या आत पाह्यजे. जलमाच्या तारखेनं ते आत होती, या सालापुरती. शायेच्या तारखेनं बाहेर.

म्हणे, "मावशी, मले शायेत कोणं टाकलं?"

"मी," मी म्हणलं.

सांगतलं तिले. नामदेवभाऊ पायटी अंधारातच भाजीच्या लिलावाले जाये, पोरगी माह्याजवय रस्त्याच्या काठावर. एक दिवस टांगा तिच्या पायाजवळून गेला. मले वाटलं, जिथं दार हाये अन् दाराले कडी हाये अशा जागी हिले बसवावं. तवा मास्तर उमर पाह्याले लेकराले सांगत, उजवा हात डोक्यावरून घे अन् डावा कान धर. कानाले हात पुरला तं लेकरू शायेजोगं झालं. हिचा हात पुरे नाही. पोरगी पाचचीबी नव्हती. मी मागं उभी होती. मी तिचं मुंडकं हळूच वाकडं केलं. बोट कानाले टेकलं. मास्तरनं पाह्यलं, हासला, अन् सहा पूर्ण होतीन अशी तारीख लिहून घेतली.

वनिता ऐकत होती. मले वाटलं आता रागानं बोलन. ते म्हणे, "बरं. म्हणजे कारण माहीत हाये. आता दुरुस्त करता येईन."

एक गोष्ट मी सांगतली नाही. इसरली असं नाही.

आमी तिघं नांदगावले गेलो. कमलचं पहिलं बायंतपण, माहेरीच झालं होतं, रीतच हाये ते. तठच्या जुन्या दप्तरात नाव निघालं. दोन दिवस लागले. मुलगी, बापाचं नाव नामदेव, मायचं नाव कमल, अन् तारीख तीच, तान्ह्या पोयाची. नामदेवभाऊ त्या कारकुनाले म्हणे, "बैलाचे शिंगं रंगवेलच होते साहेब, अन् निरोप आला." कारकुनाले काय त्याचं. पण नकल देल्ली. परतीच्या एसटीत नामदेवभाऊनं ते नकल आपल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, अन् वनिताले म्हणे, तुह्या बॅगात चुरगयते.

मंग शायेत गेलो. आता तठी बाई हेडमास्तर, भली होती. जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, अन् मोठ्यानं वाचलं. नाव वनिता. जलमतारीख एक जून. बापाचं नाव नामदेव. मंग थांबली. वाचलं, "आईचे नाव, सुभद्रा." अन् खाली पालकाची सही. माही. मालकानं मले तेवढंच शिकवलं होतं, सही. सु मोठा अन् द्रा खाली पडेल.

हेच ते मी सांगतलं नव्हतं. मास्तरनं इचारलं होतं, तुमी कोण. शेजारीण म्हणलं तं म्हणे, शेजारणीचं चालत नाही, मायबाप पाह्यजे. मी म्हणलं, मी माय हावो. एका सकायसाठी म्हणलं होतं. ते रजिस्टरात राह्यलं, अन् रजिस्टरातून पुढं कुठं कुठं गेलं, मले काय माहीत, मले वाचता येत नाही.

नामदेवभाऊ माह्याकडं पाहून राहिला. म्हणे, "वहिनी, मेलेल्या बाईचं नाव तरी ठेवाचं होतं." तिथून जो गेला तो माह्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बजारात पोतं तिथंच हातरलं, माह्या बाजूलेच, पण मधात भाजीच्या पाट्या लावल्या.

मी वनिताकडं पाहू शकत नव्हती. शायेच्या पायरीवर आलो तवा म्हणलं, "त्या एका वहीतच असन वं ते."

ते म्हणे, "दहावीच्या कागदावरबी तेच हाये, मावशी. पासपोर्टावरबी."

"तुले माहीत होतं?"

"दहावीपासून."

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं चपलीतला खडा काढला. म्हणे, "काय बोलाचं त्याच्यात."

साऱ्या गोष्टीचं कारण मांगणारी पोरगी. इस वर्स हे एक कारण तिनं मांगतलं नाही.

पण आता ते अडलं. नांदगावच्या नकलेत माय कमल. साऱ्या सर्टिफिकेटावर माय सुभद्रा. शिक्षण ऑफिसवाले म्हणाले, ते नांदगावची मुलगी दुसरी कोणी असन, हे तुमची कशावरून. मी एक खोटं बोलली तेच्यानं तारीख बिघडली, अन् दुसरं बोलली तेच्यानं ते सुधारता येईना.

बजारात गोष्ट पसरली. एक एजंट आला, नव्या बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान. म्हणे, पोरीले नवीन टीसी करून देतो, जुन्या सहीशिक्क्यासकट, आठ दिवसात. नामदेवभाऊ तयार झाला. मीबी झाली, खोटं काहून सांगू. पोरगी टेबलापर्यंत गेली पाह्यजे, कागद कसाबी असो. वनितानं दोघाइचंबी ऐकून घेतलं. म्हणे, "एक खोटं खोदलं तं खाली दुसरं निघालं. तिसरं मी पेरत नाही." त्या एजंटाले चहा पाजून धाडून देल्लं.

तहसीलीपुढं टाईपवाले बसतात, तिथं वकिलानं अ‍ॅफिडेव्हिट बनवलं. दोन. एक माहं, का मी शायेत खोटं सांगतलं. बाया म्हणत होत्या, सुभद्राबाई, सही करू नका, आत टाकतीन. मी म्हणलं, आत तं आत, तिथंबी भाकर भेटते. दुसरं वनिताचं. ते वकील मले वाचून दाखवू लागला तं वनितानं त्याच्या हातातून कागद घेतला. म्हणे, मी वाचते. रस्त्यावर उभ्यानं वाचलं, ऑटोच्या आवाजात, एकेक शब्द, जसं कॉलेजात वाचत असन.

"सुभद्रा ही माझी आई नाही. तिचा व माझा कोणताही रक्ताचा संबंध नाही. तिने स्वतःस माझी आई म्हणून सांगितले ते असत्य आहे."

वाचून झाल्यावर माह्याकडं पाह्यलं. "बरोबर हाये ना, मावशी?"

"बरोबर हाये," मी म्हणलं.

सही केली तिनं. मंग माही. वकिलानं शिक्का मारला. शेजारी उसाचा रस होता, आमी एकेक गिलास पेलो. ते उभ्यानं, मी स्टुलावर. रस चांगला होता का नाही ते आठवत नाही.

फाईल अमरावतीच्या दहावी बोर्डाच्या ऑफिसात गेली. पहिल्या दिवशी कारकून म्हणे, "तुमी दहावीच्या अगोदर याचं होतं." दुसऱ्या खेपेले म्हणे, कठीण हाये पण होते, साहेबाची सही झाली तं होते. मंग मार्च गेला. एप्रिल गेला. वनिता रोज तास संपला का त्या ऑफिसात जाये अन् बाकड्यावर बसे. रागावली नाही, रडली नाही, हात जोडले नाहीत. एका कारकुनाच्या टेबलावर कुंडी होती, मरतुकडी. तिची माती बदलून देल्ली. तो मंग तिच्याशी बरा बोले. म्हणे, मॅडम, सही झाली का मी स्वता फोन करतो.

तासाचं काम त्या उन्हायात बंद झालं. कॉलेजनं सांगतलं, पुढच्या साली तुमचा विषय कमी करून राहिलो. तिले पुण्याकडं एका कारखान्यातून बोलावणं होतं. तठी जपानी यंत्रं येतात, त्याइच्यासंग जाड पुस्तकं येतात, ते वाचून मराठीत लिहून देणारं माणूस पाह्यजे होतं. झाडाचं काही नाही, मातीचं काही नाही. नट अन् बोल्ट. तिनं त्याइले खरं सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी पाचपर्यंत माहा एक फोन येणार हाये. तो आला तं मी येत नाही. नाही आला तं सोमवारी हजर.

शुक्रवारी पाच वाजता जपानचा फॉर्म बंद होणार होता. सारा भरून फोनात तयार होता, फक्त साहेबाच्या सहीचा कागद जोडाचा राह्यला होता.

त्या दिवशी ते सकायीच बजारात आली. अमरावतीची खोली सोडून सामान आणेल. बापाचंबी बांधेल, त्यालेबी संग नेणार होती. संध्याकायच्या गाडीचे दोघाइचे तिकीट काढेल. लगीनसराई होती, ऊन असं का फुलं हातातच मऊ पडत. माह्याकडं नवरदेवाचे हार होते. म्हणे, दे इकडं. पोत्यावर बसली, मांडी घालून, अन् सुईदोरा घेतला. फोन ओल्या फडक्यावर ठेवला. नामदेवभाऊ पाट्याच्या पलीकडे, त्यानं त्या दिवशी एकालेबी भाव सांगतला नाही, लोक उचलून घेऊन जात अन् जे देत ते तो घेई.

सव्वाचारले फोन वाजला. तिनं सुई झेंडूत टोचून ठेवली, मंग उचलला. कारकूनच होता. ते फक्त ऐकत होती. "हो," म्हणे. "बरं." मंग, "तुमी फोन केला, चांगलं केलं." अन् ठेवला.

तीच म्हणे, "साहेब ट्रेनिंगले गेले. सोमवारी येतीन."

सुई पुन्हा उचलली. एक झेंडू, एक शेवंतीची कळी, एक झेंडू. हात जराबी घाई करत नव्हता, जराबी सुस्त नव्हता. मले काही करता येत नव्हतं तं मी फुलाइवर पाणी शिंपडत बसली, शिंपडेल त्यावरच पुन्हा. मधात नवरदेवाचा मामा हार घ्याले आला, म्हणे, ताई, आखूड वाटते, नवरदेव उंच हाये आमचा. वनितानं हार त्याच्या खांद्याले लावून पाह्यला. म्हणे, "खरं हाये. थांबा." अन् आणखी ओवाले बसली.

मंग मान वर न करता म्हणे, "किती वाजले, मावशी?"

मी समोरच्या दुकानात इचारून आली. "पाच."

दोरा दातानं तोडला तिनं. गाठ मारली. हार पानात बांधून त्या मामाले देल्ला.

मंग उठली, हात धुतले, बॅगा उचलल्या. एक खांद्यावर, एक हातात. नामदेवभाऊनं आपलं पोतं गुंडाळलं नाही, तसंच ठेवलं. पाट्या बाजूले केल्या. तीन महिन्यानंतर माह्याशी बोलला. म्हणे, "वहिनी, माह्या जागेकडं पाह्यजा." वनिता म्हणे, "येते, मावशी." मी म्हणलं, "पोचल्यावर फोन कर." केला तिनं फोन. आताबी येते तिचा फोन, दिवाईले, पोयाले. वावराचं इचारते, पाणी कसं हाये इचारते. यंत्राचं काही सांगत नाही. आली मात्र नाही अजून, अन् मी ये म्हणत नाही.

त्या दिवशी मी स्टेशनच्या वाटेवरल्या पुलाच्या तोंडापर्यंत मागं गेली. बाप काठी टेकत पुढं, ते त्याच्या चालीनं मागं. पुलाच्या मधात ते थांबली. मले वाटलं, आता ते मागं पाहीन. तिनं जड बॅग एका खांद्यावरून काढली, दुसऱ्यावर घेतली, अन् चालाले लागली.